पाटी, पुस्तक आणि बाबांची सही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं, "अरे, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. गेले काही महिने एका स्कूटरच्या मागे होतो. म्हणजे स्कूटर जागची हलत नव्हती, मीच तिच्या कागदांमागे धावत होतो.

नातेवाईकांना ही स्कूटर ठाऊक आहे. बाबांची बजाज चेतक. राखाडी रंगाची. १९९४च्या नोव्हेंबरात घेतलेली. आत्या, तुझ्या लग्नाचे लाडू हिच्याच पुढच्या जागेत उभे ठेवून आणले होते, आणि त्यातला वरचा डबा अशोकस्तंभाजवळच्या खड्ड्यात उघडला होता, ती हीच. ब्लॉगवरच्या इतर मित्रांसाठी सांगतो: आमचे बाबा सातपूरला मायकोत होते. पहिल्या पाळीला पहाटे निघायचे. स्कूटर डावीकडे कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि एकच किक. दुसरी किक लागली तर त्यांचा मूड जायचा. त्या आवाजावर आमच्या गल्लीतल्या तीन घरांत दूध तापायला ठेवलं जायचं.

बाबा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. त्यानंतर स्कूटर पार्किंगमध्ये, आईच्या जुन्या नऊवारीखाली. मी महिन्यातून एकदा सुरू करायचो, गंगापूर रोडपर्यंत एक फेरी मारायचो आणि परत झाकून ठेवायचो. आपण फार मोठं काहीतरी जपतोय असं वाटायचं. प्रत्यक्षात मी काहीच जपत नव्हतो. आपली स्कूटर कुणाच्या नावावर आहे, तिची नोंदणी कधीपर्यंत आहे, कागद कुठे आहेत, यातलं एकही उत्तर मला देता आलं नसतं. आज लिहायचंय ते त्याबद्दल.

तर झालं असं. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना ती नवी 'हाय सिक्युरिटी' पाटी लावायची सक्ती आली. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते. त्याआधीच्या गाड्यांनी बसवून घ्यायची. आधी ३१ मार्च २०२५ ही तारीख होती, मग ती पुढे पुढे सरकत गेली. आपली सवय तुम्हाला माहीत आहे. तारीख सरकली की आपणही निवांत सरकतो. शेवटी धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. "दादा, स्कूटरची पाटी लावलीस का? नसशील लावत तर भंगारात देऊन टाक. कोण चालवतंय?"

त्या 'कोण चालवतंय'चा मला राग आला. रागाच्या भरात खाली गेलो, नऊवारी ओढून काढली आणि बघतो तर काय, पुढची पाटी गायब. दोन स्क्रूंची भोकं तेवढी शिल्लक. कधी पडली, कुठे पडली, कुणी काढून नेली, काही पत्ता नाही. महिन्यातून एकदा मी हिच्यावर बसत होतो म्हणे!

मग कागद शोधायला घेतले. आमच्याकडे सगळे अजून त्याला 'आरसी बुक'च म्हणतात, जरी त्याचं पुस्तकपण केव्हाच संपलंय. बाबांचं मूळ पुस्तक सप्टेंबर २००८च्या पुरात गेलं होतं. सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा ते काकांच्या दुकानात खालच्या खणात होतं. नंतर बाबांनी पेठ रोडला जाऊन दुय्यम प्रत काढून आणली होती, आणि तो किस्सा आम्ही निदान वीस वेळा ऐकला होता. २००९ साली पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांनी नूतनीकरण केलं, २०१४ला पुन्हा केलं, २०१९ला पुन्हा. म्हणजे माणूस कागदाच्या बाबतीत चोख. पण तो २०१९चा कागद काही सापडेना. कपाट, माळा, देवघराखालचा खण, विम्याची फाईल, सगळं झालं. माळ्यावर एक भलतीच वस्तू मात्र सापडली: १९९४ची मूळ पाटी. काळ्या रंगावर पांढरी अक्षरं, पेंटरच्या हातची. तरुण वाचकांना माहीत नसेल, पूर्वी खासगी गाड्यांच्या पाट्या अशाच असायच्या. पांढऱ्यावर काळं हे नंतर आलं. त्या पाटीतला पाचाचा आकडा पोटाशी जरा जास्तच फुगलेला आहे. पेंटर घाईत असावा. चार आकड्यांची बेरीज नऊ येते म्हणून बाबांना तो नंबर आवडायचा. श्रद्धा वगैरे नव्हती. "लक्षात राहतो," एवढंच म्हणायचे.

'वाहन'च्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहिला. मालक: बाबा. नोंदणी वैध: नोव्हेंबर २०२४ पर्यंत. म्हणजे जवळजवळ वर्षभर मी जी स्कूटर 'जपत' फिरवत होतो ती कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेली गाडी होती. मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. न वाढवता चालवली तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड. तो तर ठीकच. पण मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव बघून मला वाटलं ते वेगळंच. रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं, मतदार यादीतून गेलं. इथे मात्र बाबा अजून होते. कुणीच त्यांना कळवलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ बसतात. गाड्यांची कामं करून देतात. नाव कशाला सांगू! मी सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, "साहेब, उगाच लांबण लावू नका. वडील गेले हे सांगायचंच कशाला? नूतनीकरणाचा फॉर्म भरू, डुप्लिकेटचा फॉर्म भरू. सही तुम्हीच करा की वडिलांसारखी. येते ना?"

येते ना! मंडळी, येते. उत्तम येते. सातवीत असताना सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर मी बाबांची सही केली होती. गणितात पस्तीसपैकी अकरा. त्याआधी आठवडाभर वहीच्या मागच्या पानांवर सराव केला होता. पहिल्या अक्षराला मागे वळणारी शेपटी आणि शेवटी आडनावाखाली दोन टिंबं. बाईंना कळलं नाही. बाबांना मात्र कळलं, कारण मी ती वही तशीच दप्तरात ठेवली होती. ते ओरडले नाहीत. वहीचं ते पान समोर ठेवून म्हणाले, "चांगली जमलीये. पण सही म्हणजे माणूस तिथे हजर होता. मी हजर नव्हतो." बस्स. दुसऱ्या दिवशी बाईंना भेटायला स्वतः शाळेत आले. आधी मायकोतली पाळी बदलून घेतली.

झेरॉक्सच्या दुकानात, हातात फॉर्म आणि पेन घेऊन, मला ते पान आठवलं. खरं सांगतो, मोह झाला. दीड तासाचं काम होतं. कुणाचं काही नुकसान नव्हतं. स्कूटर आमची, बाबा आमचे, पैसे आम्हीच भरणार होतो. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलेला माणूस २०२५च्या फॉर्मवर हजर कसा? मी फॉर्म परत दिला. ते गृहस्थ रागावले नाहीत. "तुमची मर्जी. आता महिना-दोन महिने मोजा," एवढंच म्हणाले. अंदाज बरोबर निघाला.

नियम काय आहे ते मी मग नीट वाचलं, आणि ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आपल्या घराण्यातच निदान चार गाड्या अशा आहेत. (नावं घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.) गाडीचा मालक वारला तर वारसानं तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. कळवलं तर तीन महिने तो ती गाडी वापरू शकतो, आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, विमा आणि पीयूसी. नोंदणीचा कागद हरवला असेल तर आधी पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद आणि मग नमुना २६. नूतनीकरणाला नमुना २५. हे काही गुप्त नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९पासून लिहिलेलं आहे. आणि २०२१पासून आणखी एक सोय झाली: मालक हयात असतानाच आरसीवर वारस म्हणून नाव लावून ठेवू शकतो, बँकेतल्या नॉमिनीसारखं. किती जणांनी लावलंय? मी आमच्या सोसायटीत सहज विचारलं. बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा कागद हरवल्याचा अर्ज नेला होता. ड्युटीवरच्या हवालदारांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "गाडी आहे ना जाग्यावर?" मी म्हटलं, "आहे, फक्त पुढची पाटी नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग ते आधी सांगा! कागदाचं काय, दुसरा मिळतो. पाटी दुसऱ्याच्या गाडीला लागली तर?" मी हसण्यावारी नेणार होतो. एकतीस वर्षांच्या चेतकची पाटी कोण लावणार? तर ते म्हणाले, "लावणाऱ्याला चेतक नको असते, नंबर हवा असतो. चौकातल्या कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. चलन तुमच्या वडिलांच्या नावानं येईल." मग त्यांनीच मला दुसरा अर्ज लिहायला लावला, पाटीचा वेगळा. तारीख आठवत नाही म्हटल्यावर 'अंदाजे' लिहायला सांगितलं.

चलन वडिलांच्या नावानं. ते ऐकून मला नंदूकाकांची मोटारसायकल आठवली. काकांनी ती ओझरच्या एका ओळखीच्याला तोंडी व्यवहारात विकली, पैसे घेतले, चहा पाजला, विषय संपला. दोन वर्षांनी काकांच्या मोबाईलवर द्वारका चौकातलं सिग्नल तोडल्याचं चलन. फोटोत काका नाहीत, पण नंबर काकांचाच. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. हसण्यासारखं नव्हतं ते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात. त्यामागचा विचार मला पटतो. रस्त्यावर ज्याला धडक बसली त्या माणसानं, किंवा तो वाचला नसेल तर त्याच्या बायकोनं, गाडी कुणाकुणाला विकली गेली याचा माग काढत हिंडायचं का? तिला एक नाव आणि एक पत्ता मिळाला पाहिजे. नोंदणी त्यासाठीच आहे.

इतकी वर्षं मी हे उलट समजत होतो. आरसी म्हणजे सरकारनं आपल्या मागे लावलेली कटकट, पोलिसानं अडवलं तर दाखवायचा कागद. अडवलं नाही तर गरज नाही. आपल्याकडे 'पेपर क्लिअर आहेत का?' हा प्रश्न गाडी विकत घेतानाच विचारला जातो, चालवताना कधीच नाही. पण पाटी ही पोलिसासाठी नसते हो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दिलेला तो शब्द असतो, की माझ्यामुळे तुला काही झालं तर मी सापडेन. माझी स्कूटर पाटीशिवाय, मुदत संपलेल्या नोंदणीवर, हयात नसलेल्या माणसाच्या नावावर फिरत होती. गंगापूर रोडवर एखादी शाळकरी मुलगी तिच्यासमोर आली असती तर? विमा होता, तोही बाबांच्याच नावावर. मी दरवर्षी ऑनलाइन भरत होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो.

आता थोडं सरकारशी भांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा अगदीच सरकारी झाला.

नूतनीकरणाची फी. मार्च २०२२ पर्यंत दुचाकीला ३०० रुपये होती आणि मोटारीला ६००. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला १,००० आणि मोटारीला ५,००० झाली. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी फी पुन्हा दुप्पट: दुचाकी २,०००, मोटार १०,०००. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. आणि नव्या पाटीचे दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. कारण सांगितलं जातं ते चुकीचं नाही: जुन्या गाड्या धूर करतात, लोकांनी त्या सोडाव्यात. आमची चेतक टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून प्यायची तिची जुनी सवय. थंडीत सुरू केली की शेजारच्या जोशीकाकू खिडकी लावून घेतात. मी तिची बाजू घेणार नाही.

पण फी वाढवून नेमकं कोण सुटतं आणि कोण अडकतं? मला दोन हजार आणि वर दंड भरायला जड गेलं नाही. कुरकुर केली आणि भरले. पण आमच्याकडे मखमलाबादहून दूध घालायला येणारे दादा आहेत. त्यांची मोटारसायकल माझ्या अंदाजानं वीस वर्षांची तरी असेल. दोन्ही बाजूंना कॅन, रोजची साठेक किलोमीटरची फेरी. मी विचारलं, "दादा, पासिंग केलं का?" हसले. "गाडीची किंमत दहा हजार, कागदाला पाच घालू का?" त्यांनी काय केलंय ते मी सांगत नाही, तुम्ही ओळखा. अशा माणसाकडून फी दुप्पट केली म्हणून गाडी भंगारात जात नाही. ती नोंदीतून जाते. नोंद गेली की विमा जातो, पीयूसी जाते आणि गाडी रस्त्यावर तशीच राहते, धुरासकट. म्हणजे धूर कमी झाला नाही आणि वर तो अनोळखी माणूस उघड्यावर पडला, ज्याच्यासाठी ही सगळी नोंदणी होती.

माझं साधं मत आहे. नोंदणी स्वस्त ठेवा, अगदी दोनशे-तीनशे रुपयांत ठेवा, म्हणजे कुणालाही नोंदीबाहेर राहावंसं वाटणार नाही. आणि धुराचा हिशेब धुराशी करा. गाडी तपासा, नीट तपासा. नाशिकमध्ये व्यावसायिक गाड्यांसाठी एआरएआयच्या मदतीनं यंत्रांवरचं तपासणी केंद्र उभं राहिलेलंच आहे. गाडीची तब्येत यंत्राला कळते, तिची जन्मतारीख बघावी लागत नाही. जी नापास होईल तिला रस्ता बंद. मग ती एकतीस वर्षांची असो की सहा वर्षांची. वयावर दंड लावणं सोपं असतं म्हणून लावला जातो. आमची चेतक नापास झाली असती तर मी ती गुपचूप भंगारात दिली असती, अगदी नऊवारीसकट.

भावाचा मुद्दाही तसा खोटा नव्हता. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, नोंद रीतसर रद्द होते, नवीन गाडीच्या करात सूट मिळते. तेही स्वच्छ काम आहे. मी त्याला म्हटलं, "चालेल. पण भंगारात द्यायची तरी आधी कुणाच्या तरी नावावर करावी लागेल. बाबा कशी देणार?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "संमतीपत्राचा नमुना पाठव." दुसऱ्या दिवशी सही करून कुरियरनं पाठवलं. त्याचीही सही बाबांसारखीच आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आडनावाखाली दोन टिंबं. त्यानंही कधीतरी सराव केला असणार!

पेठ रोडच्या फेऱ्यांचं फार वर्णन करत नाही. किती झाल्या? पाच. त्यातल्या दोन माझ्याच चुकीनं: एकदा मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत घरी राहिली, एकदा पीयूसी संपली होती. कुठला अर्ज आधी आणि कुठला नंतर हे खिडकीवरच्या बाईंनी मला कागदाच्या तुकड्यावर १, २, ३ असं लिहून दिलं. तो तुकडा मी फाईलमध्ये ठेवलाय. चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. इंजिनाच्या बाजूचं कव्हर काढलं, एकतीस वर्षांचा चिखल आणि ऑइल खरवडून काढलं, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल घासली. लहानपणी नाण्यांवर कागद ठेवून घासायचो तसंच. हळूहळू एकेक आकडा वर आला. रांगेत माझ्यामागे उभा असलेला रिक्षावाला म्हणाला, "ओरिजिनल आहे राव!" मला उगाचच पास झाल्यासारखं वाटलं. या खेपेला गुण खरे होते. :-)

नाव कुणाचं लावायचं यावर मात्र घरात थोडी चर्चा झाली. मी गृहीत धरलं होतं की माझं. भाऊही तेच म्हणाला. आईनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "माझं का नाही?" मी म्हटलं, "आई, तू चालवत नाहीस." ती म्हणाली, "तुझे बाबा घर चालवत नव्हते, तरी घर त्यांच्या नावावर होतंच की." यावर काय बोलणार! फॉर्म बदलला.

आता नव्या आरसीवर मालक म्हणून आईचं नाव आहे. मालकांमध्ये क्रमांक दोन. नवी पाटी बसली. अॅल्युमिनियमची, कोपऱ्यात अशोकचक्राचं चकाकणारं चित्र, डावीकडे निळ्यात आयएनडी, खाली लेझरनं कोरलेला दहा आकडी क्रमांक. एकदाच बसणारं लॉक, काढायचं तर तोडावंच लागतं. हरवली तर पुन्हा पोलिसांत तक्रार केल्याशिवाय दुसरी मिळत नाही. पाचाचा आकडा आता फुगलेला नाही, सगळ्यांचे पाच असतात तसाच आहे. माझी थोडी निराशा झाली, खोटं कशाला बोलू. काळी पाटी परत माळ्यावर ठेवली. ती रस्त्यावर आणायची नाही, एवढं नक्की.

तर मंडळी, विशेषतः नात्यातली मंडळी, दिवाळीला भेटाल तेव्हा आपापल्या गाडीचा नंबर टाकून एकदा बघा. मालक म्हणून कुणाचं नाव येतं, मुदत कधीपर्यंत आहे. घरातलं कुणी गेलं असेल तर रडून झाल्यावर एक दिवस हे कामही करा. विकलेली गाडी असेल तर नाव बदललं का ते विचारा, संकोच करू नका. नंदूकाका, तुम्ही सुद्धा. आणि ज्यांचे आई-वडील सुदैवानं हयात आहेत त्यांनी त्यांनाच बसवून वारसाचं नाव लावून घ्या. विषय काढायला जड जातं, मला मान्य आहे. मी बाबांशी कधीच काढला नाही.

तुमचे अनुभव असतील तर जरूर लिहा. मी कुठे चुकीचं लिहिलं असेल तर तेही सांगा.

काल संध्याकाळी आईला मागे बसवून गंगेवरच्या भाजीबाजारात घेऊन गेलो होतो. दुसऱ्या किकला सुरू झाली. आई मागून म्हणाली, "नीट चालव. गाडी माझी आहे."